धन्याचे काम आणि निरोप्याचे काम



इंदरगंजाच्या चौकातून महाराज बाड्याकडे निघाले म्हणजे शेवटी जुन्या भव्य इमारतींचे जे वर्तुळ लागते, त्यात एक इमारत डाकघराची आहे. ग्वाल्हेर संस्थानात १८८५ पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवर संस्थानाचे नाव छापून ती वापरीत असत. ती तिकिटे आता संग्राहकांच्या वह्यांत जाऊन बसली आहेत, आणि त्यांच्याविषयी बोलणारे जाणकार पुष्कळ आहेत. मला आज बोलावयाचे आहे ते पत्र पेटीत पडल्यानंतर पुढे जे घडते त्याविषयी. पत्र कोणत्या वाटेने न्यावयाचे हे वाटेवर कोणाला तरी ठरवावे लागते. ते ठरविणारा कोण, त्याच्या अंगी शहाणपण किती असावे, आणि ज्याने पत्र लिहिले त्या धन्याचा या खटाटोपात किती वेळ जावा, हा प्रश्न टपालखात्याप्रमाणेच संगणकांच्या जाळ्यालाही पडला. तेथील त्याचा इतिहास जेमतेम साठ वर्षांचा आहे, पण मोठा उद्बोधक आहे.

आमच्या गल्लीत एक वृद्ध गृहस्थ राहतात. रेल्वे डाक सेवेत सॉर्टर म्हणून त्यांची हयात गेली. सारी गल्ली त्यांना काका म्हणते. १९७० च्या सुमारास ते नोकरीस लागले, तेव्हा धावत्या गाडीच्या डब्यात खणाखणांच्या सॉर्टिंग केससमोर उभे राहावयाचे, मिणमिणत्या दिव्याखाली पत्ते वाचावयाचे आणि पत्र अचूक खणात टाकावयाचे, असे काम होते. कोणते गाव कोणत्या डाकघराखाली आणि ते डाकघर कोणत्या लाईनीवर, ही यादी तोंडपाठ असावी लागे. बिलासपूर म्हटले तर तेव्हाच्या मध्य प्रदेशातले की हिमाचलातले, हमीरपूर म्हटले तर उत्तर प्रदेशातले की हिमाचलातले, हे पत्त्यावरील उरलेल्या दोनचार शब्दांवरून ताडावे लागे. मी एकदा विचारले, "काका, एवढी गावे तुम्हांला आठवत कशी?" ते म्हणाले, "मास्तर, आठवत नसत, हात आपोआप जाई. पुढे पिन आला. मग डोके नसले तरी चाले, डोळे असले म्हणजे झाले."

हा पिन क्रमांक एका मराठी माणसाच्या कल्पकतेचे फळ आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी आणि नाटककार, पण उपजीविकेने टपालखात्यातील वरिष्ठ अधिकारी. त्यांनी आखलेली सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशभर लागू झाली. पहिला आकडा देशाचा मोठा विभाग सांगतो, पहिले तीन आकडे मिळून छाटणीचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन पत्र वाटणारे डाकघर. मुंबई ४००, पुणे ४११ आणि आमचे ग्वाल्हेर ४७४. येथील मराठी घराण्यांना महाराष्ट्र सोडून दोन शतके लोटली, तरी टपालखात्याच्या लेखी आम्ही अजून एकाच चाराच्या आकड्याखाली नांदतो, याची मला गंमत वाटते. वेलणकरांनी केले ते एवढेच, की सॉर्टरच्या डोक्यातील भूगोल काढून तो पाकिटाच्या पाठीवर ठेवला. पाकीट स्वतःच आपली वाट सांगू लागले, आणि अशी वाट वाचावयास माणूसच हवा, असे उरले नाही.

आता संगणकांकडे वळू. एका संगणकाकडून दुसऱ्याकडे मजकूर पाठवावयाचा तर तो अखंड न पाठविता लहान लहान तुकडे करून, प्रत्येकावर पत्ता घालून पाठवावा, ही कल्पना १९६० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस यांना स्वतंत्रपणे सुचली. या तुकड्याला 'पॅकेट' हे नाव डेव्हिस यांनी दिले. आपण त्याला पुडके म्हणू. १९६७ साली अमेरिकेच्या संरक्षणखात्याच्या 'आर्पा' या संस्थेने निरनिराळ्या विद्यापीठांतील संगणक जोडण्याचे मनावर घेतले आणि अ‍ॅन आर्बर येथे संबंधित शास्त्रज्ञांची बैठक भरविली. लॅरी रॉबर्ट्स यांची योजना अशी होती, की हे मोठे संगणक दूरध्वनीच्या तारांनी थेट एकमेकांस जोडावेत आणि पुडकी घेण्याचे, तपासण्याचे व पुढे पाठविण्याचे काम त्यांनीच करावे.

जमलेल्या मंडळींना ती रुचली नाही. त्या काळी संगणक म्हणजे लाखो डॉलरांची चीज. त्याच्या प्रत्येक मिनिटासाठी विद्यार्थी आणि प्राध्यापक रांगेत उभे. असे असता परक्यांची टपाल वाहण्यात आपल्या यंत्राचा वेळ का दवडावा, असे प्रत्येकाला वाटले. बैठकीत वेस्ली क्लार्क नावाचे गृहस्थ बसले होते. बैठक आटोपून विमानतळाकडे जाताना मोटारीत त्यांनी रॉबर्ट्स यांना सुचविले, की मोठ्या संगणकांना या कामातून मोकळेच करा. प्रत्येकाच्या दाराशी एक लहान संगणक ठेवा, आणि निरोपांची ने-आण या लहान यंत्रांनी आपापसांत उरकावी. आज जे तंत्र फार आधुनिक म्हणून मिरविते, त्याचे मूळ त्या मोटारीतील दोन वाक्यांत आहे. धन्याने धन्याचे काम करावे, निरोप्याने निरोप्याचे.

ही लहान यंत्रे केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या संस्थेने हनीवेल कंपनीच्या संगणकात फेरफार करून तयार केली. लहान म्हणावयाचे, पण आकार एखाद्या मोठ्या शीतकपाटाएवढा. पहिले यंत्र १९६९ च्या ऑगस्टअखेरीस लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात पोहोचले आणि २९ ऑक्टोबर रोजी तेथून स्टॅनफर्डच्या संशोधनसंस्थेकडे पहिला निरोप गेला; दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचे यंत्र कोलमडले. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. मला अधिक महत्त्वाची वाटते ती एक बारीक बाब. पुडक्यातील मजकूर वाटेत बिघडला की काय हे ओळखण्यासाठी त्यासोबत एक पडताळ्याचा आकडा पाठवावा लागतो. हा आकडा काढण्याचे काम त्या लहान संगणकाच्या आज्ञावलीवरही सोपविले नव्हते. तारेच्या तोंडाशी बसविलेले विद्युत्मंडलच पुडके जाता-येता तो हिशेब करून टाकी. म्हणजे धन्याने निरोप्या नेमला, आणि निरोप्याने आपले हमालीचे काम लोखंडावर टाकले. आणि हे जाळ्याच्या पहिल्या दिवसापासून.

आता थोडा हिशेब पाहू. आकडेमोड कानाला रूक्ष लागते, पण पुढील सारे नाटक या आकड्यांवर उभे आहे. १९६९ च्या त्या तारांतून सेकंदाला ५० हजार बिट जात. पुडके साधारण एक हजार बिटांचे. म्हणजे एक पुडके येऊन जावयास एका सेकंदाचा पन्नासावा भाग लागे. त्या वेळच्या लहान संगणकाचा एक ठोका सुमारे एक दशलक्षांश सेकंदाचा, तेव्हा प्रत्येक पुडक्यामागे त्याला वीस हजार ठोक्यांची सवड होती. तो आरामात विचार करू शकत होता. आज सेकंदाला दहा अब्ज बिटांची तार ही सामान्य गोष्ट झाली आहे. तिच्यावरून सर्वांत लहान पुडकी एकामागून एक आली, तर दोहोंमध्ये सुमारे ६७ नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचे ६७ अब्जांश, एवढेच अंतर राहते. तीन गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर घेतला तरी त्याच्या वाट्यास प्रत्येक पुडक्यामागे दोनशे ठोके येतात. तार शंभर अब्जांची केली की अवघे वीस. आणि स्मरणकोठीत एकदा हात घालून एखादी नोंद बाहेर काढावयाची तर तेवढ्यालाच पुष्कळदा दोनशे ठोके जातात. संगणक १९६९ च्या मानाने हजारो पटींनी चपळ झाला हे खरे, पण तार त्याच्याहून किती तरी पटींनी चपळ झाली. निरोप्याला श्वास घेण्यासही फुरसत उरली नाही.

या निरोप्याला, ज्याला आता राउटर म्हणतात, करावे तरी काय लागते? पुडक्याच्या शीर्षावरील पडताळ्याचा आकडा बरोबर आहे की नाही पाहावयाचे. त्यावर लिहिलेल्या आयुष्याच्या आकड्यातून एक वजा करावयाचा. हा आकडा शून्यावर आला की पुडके टाकून द्यावयाचे, म्हणजे वाट चुकलेली पुडकी जाळ्यात जन्मभर फिरत राहत नाहीत. एक वजा केल्यामुळे पडताळ्याचा आकडा पुन्हा काढावयाचा. १९९५ साली पत्त्यांची जी नवी पद्धत ठरली, तीत शीर्षावरील हा पडताळा काढूनच टाकला. शाळेत आम्ही उत्तरपत्रिकांच्या बेरजा तीन तीन वेळा तपासतो, तेव्हा मला या शहाण्या निर्णयाची आठवण होते.

पण खरे अवघड काम वाट शोधण्याचे. येथे पत्त्याची रचना वेलणकरांच्या पिनसारखीच, डावीकडून उजवीकडे बारीक होत जाणारी. फरक एवढा, की पिनमध्ये तीन आकडे जिल्ह्याचे हे ठरलेले आहे. संगणकांच्या जाळ्यात १९९३ पासून पत्त्याचा किती भाग मुलखाचा आणि किती घराचा हे जागोजागी वेगळे असते. म्हणून राउटरला आपल्या यादीतील अनेक नोंदींपैकी, पत्त्याशी अधिकांत अधिक लांबपर्यंत जुळणारी नोंद शोधावी लागते. ही यादी आता नऊ लाखांहून अधिक नोंदींची झाली आहे. काकांच्या डब्यात एवढे खण मांडावयाचे म्हटले असते, तर ग्वाल्हेरपासून झाशीपर्यंत डबेच लावावे लागले असते!

१९९५ च्या आगेमागे हे काम बहुतेक ठिकाणी साध्या आज्ञावलीने चाले, आणि ती चाल मंदावत चालली होती. आपल्याकडे त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट खुले केले. त्यापूर्वी १९८६ पासून 'अर्नेट'द्वारे मुंबईची एन.सी.एस.टी., बंगलोरची विज्ञानसंस्था आणि आय.आय.टी. यांसारख्या संस्थांना त्याचा लाभ होता. जगभर गर्दी वाढली आणि लांब नोंद झटपट शोधण्याच्या युक्त्यांची चढाओढ सुरू झाली. पवईच्या आय.आय.टी.त शिकलेले जॉर्ज वर्गीज आणि त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली नोंदींच्या लांबीवरच अर्ध्याअर्ध्याने शोध घेण्याची रीत मांडली. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डचे पंकज गुप्ता, स्टीव्हन लिन आणि निक मॅकिओन यांनी जी युक्ती सांगितली तिचा उर्मटपणा मला फार आवडतो. पत्त्याचे पहिले चोवीस बिट घ्या आणि त्यांच्या प्रत्येक शक्य मांडणीसाठी एक एक खण करा. खण झाले १,६७,७७,२१६. त्यांतील बहुतेक खणांत तेच ते उत्तर पुन्हा पुन्हा लिहिलेले असणार. असेना का! स्मरणकोठी स्वस्त झाली आहे. शोधावयाचे काहीच उरले नाही. पत्ता हाच खणाचा क्रमांक. क्वचित लांब नोंद असली तर दुसऱ्या एका लहान कपाटात आणखी एकदा हात घालावा लागतो, एवढेच. अशी रीत चिपमध्ये सहज कोरता येते, कारण तीत विचार नाही, फक्त हालचाल आहे.

ज्या माणसाने हे हमालीचे काम साफ वेगळे काढले, त्याचे नाव प्रदीप सिंधू. हे कानपूरच्या आय.आय.टी.तून १९७४ साली बाहेर पडले, पुढे झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील प्रसिद्ध संशोधनकेंद्रात राहिले, आणि १९९६ साली त्यांनी ज्युनिपर नेटवर्क्स ही कंपनी काढली. १९९८ साली तिचा 'एम-४०' नावाचा राउटर बाजारात आला. त्याची रचना दुहेरी होती. एका बाजूला साधा संगणक; तो शेजारच्या राउटरांशी बोलून वाटांचा नकाशा तयार करी. दुसऱ्या बाजूला याच कामासाठी घडविलेल्या चिपा. त्या नकाशाची प्रत घेऊन सेकंदाला चार कोटी पुडकी पुढे ढकलीत. विचार करणारा अडला किंवा पुन्हा सुरू करावा लागला, तरी पुडकी वाहणारा थांबत नसे. क्लार्क यांच्या मोटारीतील सूचना एकाच पेटीच्या आत उतरली ती अशी.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. १९८० नंतर भारताने अमेरिकेकडे क्रे कंपनीचा महासंगणक मागितला आणि बंगलोरच्या विज्ञानसंस्थेस हवा असलेला देण्यास नकार मिळाला, ही कथा पुष्कळांना माहीत आहे. त्यानंतर १९८८ साली पुण्यात गणेशखिंडीजवळ विद्यापीठाच्या आवारात सी-डॅक ही संस्था उभी राहिली, आणि अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर तिचे पहिले संचालक झाले. १९९१ साली त्यांनी 'परम ८०००' हा महासंगणक पुढे आणला. वृत्तपत्रांनी तेव्हा त्याच्या गणनवेगाचे कौतुक केले, ते योग्यच होते. पण एक अजस्र यंत्र बांधण्याऐवजी लहान लहान यंत्रे एकत्र राबवावयाची म्हटली, की खरी कसोटी त्यांच्यातील बोलण्याची असते. चौसष्ट मजूर एका भिंतीवर लावले आणि प्रत्येकजण हातातील थापी ठेवून विटा आणावयास जाऊ लागला, तर भिंत एकट्या गवंड्याच्या वेगानेदेखील चढणार नाही.

'परम ८०००' मध्ये ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर वापरले होते. त्या चिपेची खुबी हीच, की तिच्या अंगावर चार शेजाऱ्यांशी बोलावयाच्या चार वाटा असून त्या वाटांचा कारभार पाहणारी मंडले चिपेतच वेगळी होती. गणित चालू असता मजकूर जात-येत राही. गवंड्याच्या हातची थापी सुटत नसे. ट्रान्सप्युटरचे युग लवकरच संपले आणि सी-डॅकला बाजारातील सामान्य प्रोसेसर घेणे भाग पडले. त्यांना अशा वाटा नव्हत्या. म्हणून पुण्याच्या अभियंत्यांनी 'परमनेट' नावाचे स्वतःचे जाळे आखले: त्याचे स्विच, त्याची कार्डे आणि पुढे त्या कार्डांवरील संवादापुरताच राबणारा सहप्रोसेसरही. २००३ साली जगातील पाचशे महासंगणकांच्या यादीत १७१ व्या क्रमांकावर आलेल्या 'परम पद्म'मध्ये या जाळ्याची दुसरी आवृत्ती होती. २००८ च्या 'परम युवा'साठी तिसरी झाली, आणि तिच्या चिपेचे नाव होते 'जेमिनी'. या जाळ्यावर चालणाऱ्या संवादाच्या आज्ञावलीस त्यांनी 'क्षिप्रा' म्हटले होते. क्षिप्र म्हणजे चपळ हे तर झालेच. पण क्षिप्रेकाठचे उज्जैन जुन्या ग्वाल्हेर संस्थानातले, हे आम्ही ग्वाल्हेरकरांनी लक्षात ठेवावयास हरकत नाही.

परदेशी जाळी विकत मिळत असता ही उठाठेव कशाला, असे म्हणणारे होतेच. २००७ साली पुण्यातच टाटांच्या संस्थेने 'एक' नावाचा महासंगणक उभारला. त्याने जगात चौथा क्रमांक मिळविला. त्याचे जाळे बाहेरून आणलेले इन्फिनीबँड होते. त्यातही कार्डच दुसऱ्या यंत्राच्या स्मरणकोठीत मजकूर थेट नेऊन ठेवते, प्रोसेसरला खबरही लागत नाही. विकत आणलेले जाळे वेगात सरस ठरले, हे कबूल केले पाहिजे. तरीही निरोप्याचे लोखंड कसे घडवावे हे ज्यांनी एकदा आपल्या हातांनी केले, त्यांचे ज्ञान वाया गेले असे मी म्हणणार नाही. क्रेचा नकार झेललेल्या देशाने ते म्हणूही नये.

याच विषयाला ग्वाल्हेरच्या एका सुपुत्राने अगदी निराळ्या बाजूने हात घातला. नरेंद्र करमरकर हे येथे जन्मलेले गणिती. तानसेनाची समाधी आणि किल्ला पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांना आम्ही हे नाव सांगत नाही, ही आमची चूक. पवईला शिकून ते अमेरिकेत गेले, आणि १९८४ साली बेल प्रयोगशाळेत असता त्यांनी मर्यादित साधनांच्या वाटपाचे गणित सोडविण्याची जी नवी रीत दिली, तिने जगभर खळबळ उडाली. दूरध्वनीच्या जाळ्याची आखणी हा अशाच गणितांचा विषय होता. पण मला सांगावयाचे आहे ते त्यांचे १९९१ चे काम. अनेक प्रोसेसर आणि अनेक स्मरणकोठ्या यांना जोडणाऱ्या तारा कशा ओढाव्यात, हा प्रश्न त्यांनी प्रक्षेपीय भूमितीकडे नेला.

त्याचे सर्वांत लहान उदाहरण मी वर्गात फळ्यावर काढून दाखवितो. सात बिंदू आणि सात रेषा अशा घ्या, की प्रत्येक रेषेवर तीन बिंदू, प्रत्येक बिंदूतून तीन रेषा, आणि कोणत्याही दोन बिंदूंतून एकच रेषा जाते. बिंदू म्हणजे स्मरणकोठ्या, रेषा म्हणजे प्रोसेसर. ज्या रेषेवर जे बिंदू त्यांनाच तार. दोघांना शून्य ते सहा असे क्रमांक द्या. पहिल्या ठोक्याला प्रत्येक प्रोसेसर आपल्या क्रमांकाच्या कोठीकडे जातो, दुसऱ्याला एकने पुढच्या, तिसऱ्याला तीनने पुढच्या. सहाच्या पुढे गेले की पुन्हा शून्य. प्रत्येक ठोक्याला साती कोठ्यांपाशी एक एकच पाहुणा, कोठे धक्काबुक्की नाही, कोठे रांग नाही. आणि दोन कोठ्यांतील मजकूर एकत्र हवा असला, तर तो कोणाच्या हाती पडेल हेही तारांनीच ठरविलेले. मुलांना हे दाखविले की ती विचारतात, "सर, मग वाट कोण दाखवतो?" कोणीच नाही. निरोप्याचे कामच भूमितीने संपविले. आराखड्यात करमरकरांनी अर्थातच याहून कितीतरी मोठ्या भूमिती घेतल्या होत्या.

आता दुसरी बाजू. १९८९ साली डेव्हिड क्लार्क, व्हॅन जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखविले, की संवादाचे नियम पाळण्यास प्रोसेसरला फारसे कष्ट पडतच नाहीत. कष्ट पडतात ते मजकूर इकडून तिकडे उचलून ठेवण्याचे आणि क्षणोक्षणी दार ठोठावल्यामुळे हातचे काम मोडण्याचे. मुख्याध्यापकांच्या दारावर दर चिठ्ठीला टकटक करणारा शिपाई आणि चिठ्ठ्या साठवून एकदम नेणारा शिपाई यांतला हा फरक आहे. त्यातून नेटवर्क कार्डे शहाणी झाली. पडताळा ती काढू लागली. प्रोसेसरने एक मोठा गठ्ठा हाती दिला की त्याची चाळीसहून अधिक पुडकी तीच बांधू लागली. चिठ्ठ्या साठवून एकदाच टकटक करू लागली. याला कोणाचा विरोध नव्हता.

विरोध झाला तो सारा संवादच कार्डाच्या स्वाधीन करण्यास. एच.पी.च्या प्रयोगशाळेतील जेफ्री मोगल यांनी २००३ साली एका निबंधात या कल्पनेच्या फसलेल्या इतिहासाचा पाढा वाचला, आणि कोठे ती आता उपयोगी पडेल हेही सांगितले. लिनक्सच्या मंडळींनी ती घेण्याचे नाकारलेच. त्यांचे म्हणणे मला पटते. कार्डातील नियम कार्ड बनविणाऱ्याच्या कुलपात. त्यात चूक निघाली तर ती दुरुस्त करणे आपल्या हाती नाही. शिवाय त्या दिवसांत प्रोसेसर दर दोन वर्षांनी दुणावत होता, त्यामुळे मदतीला आणलेले कार्डच थोड्या दिवसांत पायात घोटाळू लागे. मायक्रोसॉफ्टने ती सोय विंडोजमध्ये घेतली आणि पुढे सोडून दिली.

पण २००५ नंतर प्रोसेसरची ती धाव मंदावली, तारेची मंदावली नाही. त्यातून संगणक भाड्याने देण्याचा धंदा वाढला. भाड्याने देणाऱ्याच्या दृष्टीने प्रोसेसरचा जो भाग हमाली करतो, तो न विकला गेलेला माल. अ‍ॅमेझॉनने २०१५ साली अन्नपूर्णा लॅब्ज ही चिपा आखणारी कंपनी विकत घेतली आणि २०१७ पासून 'नायट्रो' नावाच्या वेगळ्या कार्डांवर हे काम टाकले. प्रदीप सिंधूंनीही २०१५ साली केवळ यासाठी फंजिबल नावाची दुसरी कंपनी काढली. २०२३ साली मायक्रोसॉफ्टने ती घेतली. १९६७ साली विद्यापीठांनी जे गाऱ्हाणे मांडले, तेच आता व्यापाऱ्यांनी मांडले.

काम लोखंडात गेले, की लोखंडाला जे ठाऊक नाही त्याची गत काय होते, हे पाहण्यासारखे आहे. पुडक्याच्या शीर्षावर काही जादा सूचना लिहिण्याची मुभा मूळ नियमांत होती. चिपा ठराविक वीस बाइटांच्या शीर्षासाठी घडविल्या गेल्या. जादा सूचना असलेले पुडके दिसले की त्या ते बाजूला काढून मागे बसलेल्या संथ प्रोसेसरकडे देत. ती वाट इतकी मंद, की पुष्कळ ठिकाणी अशी पुडकी टाकूनच देऊ लागले, आणि नियमपुस्तकात असलेली ती सोय जगातून जवळजवळ नाहीशी झाली. नवी लांब पत्त्यांची पद्धत आली, तेव्हाही जुन्या लोखंडाने पुष्कळ वर्षे तिला याच मागच्या दाराने नेले. कोणी बंदी घातली नव्हती. चिपेला ते वाचता येत नव्हते, एवढेच.

हे मी काकांना सांगितले, तेव्हा ते हसले. म्हणाले, "आमच्याकडेही तो खण होता की, मास्तर!" पिन आल्यावर सॉर्टिंग केसच्या अगदी खालच्या कोपऱ्यात त्यांनी एक खण राखून ठेवला होता. पिन नसलेली, किंवा चुकीचा पिन घातलेली पत्रे त्यात टाकावयाची. पाळी संपत आली, नवी पोरे हातपाय धुवावयास गेली, की तो खण उपसून काका एकटे बसत. कोणी अमक्या मास्तरांच्या वाड्यामागे असे लिहिलेले, कोणी नुसतेच लष्कर, ग्वाल्हेर. वाड्यांची नावे, घाटांची नावे, मेलेल्या जहागीरदारांची नावे. हात आपोआप जाई, असे ते म्हणतात. निवृत्त होण्याच्या वर्षी त्यांनी आपल्या जागी येणाऱ्या तरुणाला त्या खणाची माहिती सांगितली. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "काका, पण याची यादी कुठे लिहिली आहे?"